लेव्हलवाइंड काढून फेका म्हणे!

गरीवाल्यांच्या मोबाइलवर सध्या एक सल्ला जोरात फिरतोय. बेटकास्टिंग रील (गरीच्या काठीवर बसणारं, लाइन गुंडाळायचं आडव्या स्पूलचं चक्र) घ्यायचं तर लेव्हलवाइंड नसलेलंच घ्या, आणि असलेलं घरात असेल तर उघडून तो भाग काढून टाका. कारणं भराभर दिली आहेत. लेव्हलवाइंडमुळे कास्ट, म्हणजे फेक, निम्म्यावर येते, बॅकलॅश, म्हणजे लाइनचा गुंता, त्याच्यामुळेच होतो, लीडरची (लाइनच्या टोकाला जोडलेल्या जाड तुकड्याची) गाठ त्यात अडकते, खाऱ्या पाण्यात आधी तेच सडतं, आणि शेवटी ठसक्यात, ‘खरा गरीवाला लाइन अंगठ्याने बसवतो’. यातली गाठीची गोष्ट खरी आहे, अंतराची थोडी खरी, बाकीच्यांत फारसा दम नाही.

नवीन मंडळींसाठी दोन ओळी. स्पूलच्या पुढे जे छोटं भोक हँडल फिरवताना डावी-उजवीकडे सरकतं, ते लेव्हलवाइंड. त्याच्याखाली उलटसुलट खाचा असलेला दांडा फिरतो आणि त्या खाचेत बसलेला एक बारीक दात भोकाला, म्हणजेच गाईडला, इकडून तिकडे नेतो. काम एकच, लाइन स्पूलवर सारखी बसवणं. शिवणयंत्रावर बॉबिन भरताना दोऱ्याला बोट लावून आपण जे करतो, तेच.

आता अंतर. स्पूलच्या कडेवरून सुटणारी लाइन मधल्या भोकात तिरपी घुसते, घासते आणि वेग खाते, हे मान्य. काही गोल रीलमध्ये तर कास्ट चालू असतानाही गाईड धावत असतो, म्हणजे त्याचे दातेही स्पूललाच ओढावे लागतात. पण आपल्याकडे खाडीत आणि तलावावर जी चपटी, लो-प्रोफाइल रीलं वापरतात, त्यांतल्या बहुतेकांत अंगठ्याने बटण दाबलं की गाईड जागच्या जागी थांबतो. राहिलं फक्त लाइनचं घासणं. त्यावरही कंपन्यांनी उपाय काढलेत. कोणी गाईड स्पूलपासून पुढे सरकवला, तर दाइवाने इंग्रजी टी अक्षरासारखा गाईड आणला. त्यात कास्ट करताना लाइन वरच्या रुंद फटीतून सुटते आणि हँडल फिरवलं की पुन्हा खालच्या अरुंद खाचेत येते. पंधरा-वीस ग्रॅमचं लुअर (कृत्रिम आमिष) फेकताना लेव्हलवाइंड काही मीटर खाईल, पण निम्मं अंतर नक्की खात नाही. निम्मं खातो तो समोरचा वारा. दुपारनंतर पश्चिमेचा वारा तोंडावर घेऊन कास्ट करून बघा.

बॅकलॅशचा दोष तर पूर्णच चुकीच्या माथी मारलाय. लुअर मंदावतं आणि स्पूल त्याच जोमात फिरत राहतं, तेव्हा गुंता होतो. 34 मिलिमीटर व्यासाचं भरलेलं स्पूल एका फेऱ्यात साधारण 107 मिलिमीटर लाइन सोडतं. लुअर सेकंदाला 25 मीटरने सुटलं, तर स्पूल सेकंदाला दोनशेहून जास्त फेरे घेतं. याला आवर घालतात स्पूल टेन्शनची चावी, आतले सेंट्रिफ्युगल किंवा मॅग्नेटिक ब्रेक आणि तुमचा अंगठा. उलट लाइन वेडीवाकडी बसली असेल तर सैल वेटोळ्यांत वरचा वेढा रुततो आणि पुढच्या कास्टला मध्येच खाडकन अडकतो. ब्रेडला, म्हणजे विणलेल्या लाइनला, ही खोड जास्त. लुअर तुटून एकटंच उडत जातं आणि मागे हातात घरट्यासारखा गुंता उरतो. म्हणजे लेव्हलवाइंड काढल्याने बॅकलॅश कमी होणं दूरच, त्याचं एक नवीन कारण घरात येतं.

गाठीचा मुद्दा मात्र सोडून देण्यासारखा नाही, कारण अख्ख्या सल्ल्याचं मूळ तिथे आहे. ब्रिटनमध्ये समुद्रकिनाऱ्यावर वापरायच्या रॉड-रीलने लांब फेकीच्या स्पर्धा होतात. मासा नाही, गवताचं मैदान आणि 150 ग्रॅमचं शिसं. तिथले पट्टीचे खेळाडू 250 मीटरच्या पुढे फेकतात. एवढं वजन सर्वशक्तीने भिरकावताना मुख्य लाइन तुटू नये म्हणून पुढे जाड शॉक लीडर लावतात. तिकडचा ठोकताळा असा, की शिशाच्या दर औंसामागे लीडर 10 पौंड ताण सोसणारा. 150 ग्रॅम म्हणजे पाच औंसाच्या वर, तेव्हा लीडर निदान 50 ते 60 पौंडी मोनोचा (एकसंध नायलॉन लाइनचा). त्याचे काही वेढे स्पूलवर असावेच लागतात, त्यामुळे गाठ स्पूलवरून सुटून थेट गाईडमध्ये शिरते. अरुंद भोकात ती ठोकरली की काय होईल ते सांगायला नको. म्हणून ती मंडळी मूळच्या स्वीडनच्या आबू कंपनीचं अँबॅसडर 6500 लेव्हलवाइंडशिवाय वापरतात. गाईडच्या जागी साधा आडवा दांडा असलेली मॉडेलं कंपनीच विकते. त्यांच्या खेळात हे शंभर टक्के बरोबर आहे.

पण आपण काय करतो? खाडीत जिताड्यासाठी वीसेक ग्रॅमचं लुअर, तलावात मरळीसाठी रबरी बेडूक. लीडर हातभर ठेवला तर गाठ गाईडच्या बाहेरच राहते आणि प्रश्न मिटतो. लांब लीडर हवाच असेल तर बारीक एफजी गाठ बांधा, शेपूट नीट कापा, आणि ती लेव्हलवाइंडमधून सावकाश ओढून बघा. खरखर जाणवली तर गाठ पुन्हा बांधायची. त्यासाठी रील खोलायची गरज नाही.

खोलायचा सल्ला देणाऱ्यांनी लो-प्रोफाइल रील समोर ठेवून पाहिलंय का, अशी शंका येते. त्या रीलचा पुढचा भाग झाकलेला असतो आणि लाइन बाहेर पडायला तेवढीच फट असते. गाईड काढल्यावर लाइन सरकवायला अंगठा नेणार कुठे? गोल रीलची चौकट मोकळी असते, तिथे निदान प्रयत्न करता येतो.

सडण्याबद्दल थोडक्यात. गाईडच्या खाली एक छोटी टोपी असते. ती उघडली की तो दात बाहेर येतो, टोकाला अर्धचंद्रासारखा. टोक घासून पातीसारखं धारदार झालं की गाईड एका कडेला जाऊन अडून बसतो. नवीन दात रीलच्या किमतीपुढे चिल्लर आहे. मिळत असेल तर एक जास्तीचा घेऊन ठेवावा. बाकी खाडीवरून आल्यावर गोड्या पाण्याने हलकं धुणं, दांड्याच्या खाचेतली वाळू जुन्या दातघासणीने काढणं आणि पातळ तेलाचा एक थेंब. ग्रीस थापू नका, वाळू त्यालाच चिकटते. एवढीही निगा जमत नसेल तर बेअरिंगही वाचणार नाहीत, लेव्हलवाइंडला एकट्याला दोष कशाला?

आता तो अंगठा. 34 मिलिमीटरचं स्पूल आणि सातास एक गिअर (हँडलच्या एका फेऱ्याला स्पूलचे सात फेरे) असलेलं रील हँडलच्या एका फेऱ्याला सुमारे 75 सेंटिमीटर लाइन घेतं. म्हणजे 40 मीटरच्या कास्टला पन्नासहून जास्त फेरे, आणि प्रत्येक फेऱ्यात अंगठ्याने लाइन डावीकडून उजवीकडे. शिसं तळाला टाकून तासभर बसणाऱ्याला यात काही अवघड नाही. पण लुअरवाला सकाळपासून कास्ट करतच असतो. त्यातून रात्रीची ओहोटी, अंधार, हात ओले, आणि जिताडा लुअर घेऊन सरळ कांदळवनाच्या मुळांकडे सुटलेला. तेव्हा लक्ष रॉडवर आणि ड्रॅगवर (मासा ओढेल तशी लाइन सोडणाऱ्या ब्रेकवर) हवं. लाइन एका जागी साचून ढीग झाला आणि तो चौकटीच्या दांड्याला घासू लागला, की रील जाम. मासा तोपर्यंत थांबत नाही.

‘जुने लोक असंच करायचे’ हेही सोबत जोडलेलं असतंच. करायचे, कारण दुसरं काही नव्हतं. अमेरिकेत केंटकीमधल्या पॅरिस गावात जॉर्ज स्नायडर नावाच्या घड्याळजीने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला अशी रीलं बनवली, त्यांना लेव्हलवाइंड नव्हतं. त्याच शतकाच्या शेवटी मिशिगनमधल्या कॅलमझू गावात विल्यम शेक्सपिअर ज्युनिअर (नाटकवाला नव्हे) लेव्हलवाइंड रीलच्या मागे लागला आणि त्यावरच 1897मध्ये कंपनी उभी राहिली. अंगठ्याने लाइन बसवून लोक वैतागले नसते, तर ती रीलं घेतली कोणी असती? आज अमेरिकेतल्या बास माशाच्या स्पर्धांत, जिथे एकेका माशावर पैसे लागलेले असतात, लेव्हलवाइंडवाली बेटकास्टिंग रीलंच सर्रास दिसतात.

लेव्हलवाइंडविरुद्ध सगळ्यात भक्कम मुद्दा त्या सल्ल्यात नाहीच. मोठा मासा ड्रॅगवर लाइन ओढून नेतो, तेव्हा हँडल थांबलेलं असतं, म्हणून बऱ्याच रीलमध्ये गाईडही थांबलेला असतो. लाइन मात्र स्पूलच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत सुटत जाते आणि ताणाखाली भोकाच्या कडेवर तिरपी घासते. छोट्या माशाला फरक पडत नाही. होडीवरून सुरमईसाठी ट्रोलिंग करताना (चालत्या होडीमागे आमिष ओढताना), किंवा खोल पाण्यात गोबरा तळातून उचलताना पडतो. म्हणून ट्रोलिंगची मोठी रीलं, पेन सेनेटर किंवा शिमानो टीएलडीसारखी, लेव्हलवाइंडशिवायच येतात. तिथे लाइन सरळ खाली किंवा मागे असते, कास्टचा प्रश्न नसतो, स्पूल रुंद आणि चौकट मोकळी असते, त्यामुळे अंगठ्याला जागाही मिळते.

तेव्हा होडीसाठी घेत असाल, किंवा खडपावरून जड शिसं आणि जाड लीडर फेकणार असाल, तर कारखान्यातूनच लेव्हलवाइंडशिवाय आलेलं गोल रील घ्या आणि पहिले काही दिवस उजेडात, मोनो भरून वापरा. मोनो ब्रेडइतकी रुतत नाही, अंगठ्यालाही कापत नाही. मरळ-जिताड्याच्या रीलला मात्र पाना लावू नका.