न्यूझीलंडचा दाखला देणाऱ्यांसाठी

रत्नागिरीच्या शाळासोबत्यांच्या ग्रुपवर पर्ससीनवाले (मोठ्या घेरजाळ्यांच्या यांत्रिक बोटींचे) विरुद्ध पारंपरिक मच्छीमार हे भांडण पेटलं की कोणीतरी लिहितोच, "न्यूझीलंडसारखा कोटा करा. प्रत्येक बोटीच्या नावावर मासळीचा हिस्सा लिहून द्या, मग मालकच समुद्र राखतील." लिहिणारा बहुधा पुण्यात बसलेला असतो. मी ऑकलंडला असतो, म्हणून मला राहवत नाही.

इथे शिस्त आहे, नाकारत नाही. आमच्या जेटीवर शाळकरी पोरंसुद्धा पकडलेला स्नॅपर मासा पट्टीवर ठेवतात. तीस सेंटीमीटरच्या आत भरला की परत पाण्यात. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात सुरमईची वीतभर पिल्लं वाट्यावर मांडलेली आठवली की माझं डोकं फिरतं.

पण १९८६ मध्ये कोटा वाटला त्याच्या आधीची गोष्ट कोणी सांगत नाही. १९८३ मध्ये अर्धवेळ मासेमारी करणाऱ्यांना परमिटांतून वगळलं. थोडी शेती, थोडी मजुरी, थोडी होडी असं पोट भरणारे कितीतरी माओरी, म्हणजे इथले मूळ रहिवासी, तिथेच गळाले. मग कोर्टकचेऱ्या झाल्या, ब्रिटिशांनी माओरींशी केलेला १८४० चा वैतांगी करार पुढे आला आणि १९९२ च्या तडजोडीत सरकारने पंधरा कोटी डॉलर देऊन सीलॉर्ड या मासेमारी कंपनीचा अर्धा हिस्सा माओरींना घेऊन दिला. कंपनीत वाटा आला, म्हणून गावातली होडी परत आली असं नाही.

आज कोटा एकाच्या नावावर आणि मासे पकडणारा दुसराच, असं सर्रास चालतं. तो वर्षापुरता हक्क पैसे मोजून घेतो. खोत आणि कूळ! १९४९ च्या कायद्याने आपण कोकणातली खोती घालवली, ती आता समुद्रात मांडायची?

आपल्याकडे कोट्याची यादी झाली तर नाव बोटमालकाचं लागेल. नेपाळहून आलेल्या खलाशाचं लागणार नाही, पहाटे लिलावात मासळी घेणाऱ्या बाईचं तर नाहीच.

"तुला काय पडलंय?" असं ग्रुपवर विचारतात. रास्त आहे. मी ना दालदी, ना गाबीत; मच्छीमार समाजातला नाहीच. आमचं घर मासे विकत घेणाऱ्यांचं. आणि इथे, जिथे माझं कोणी नव्हतं, तिथे परवाना न काढता दिवसाला सात स्नॅपर माझे. माओरींना ज्यासाठी कोर्टात जावं लागलं, ते मला विमानातून उतरल्यावर फुकट मिळालं. याची लाज वाटते, तरी रविवारी गळ घेऊन जातोच. स्नॅपर पापलेटच्या पासंगालाही पुरत नाही, हे मात्र इथल्या कोणाला सांगत नाही.