रिक्त पदे म्हणजे बचत नव्हे

राज्य शासनाच्या वेतन व निवृत्तिवेतनावरील खर्चाविषयी प्रसिद्ध झालेल्या लेखात या वाढत्या खर्चाची चिंता रास्तपणे मांडली आहे. मात्र पदे रिक्त ठेवणे हा त्यावरचा उपाय असल्याचा सूर पटत नाही. आमच्या भागात एकाच तलाठ्याकडे तीन सजांचा (तलाठ्याच्या कार्यक्षेत्रांचा) कार्यभार आहे आणि वारस नोंदीसाठी आलेल्या माणसाला ‘साहेब आज दुसऱ्या सजेवर आहेत’ एवढे ऐकून परतावे लागते, म्हणजे ही तथाकथित बचत त्याच्याच बुडालेल्या मजुरीतून वसूल होते. उमेदवारांचा तुटवडा म्हणावा, तर २०२३ च्या तलाठी भरतीत साडेचार हजारांच्या आसपास जागांसाठी दहा लाखांवर अर्ज आले होते (खुल्या प्रवर्गासाठी शुल्क १,००० रुपये!). बाह्ययंत्रणेमार्फत कंत्राटी भरतीचा शासन निर्णय त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये रद्द झाला, तरी अकरा महिन्यांच्या करारावरील नेमणुका थांबलेल्या नाहीत. जुनी निवृत्तिवेतन योजना पुन्हा लागू व्हावी यासाठी मार्च २०२३ मध्ये झालेल्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या संपावर लेखकाने बराच भर दिला आहे. परंतु कायम कर्मचाऱ्याच्या शेजारच्याच टेबलावर तेच काम निम्म्याहून कमी मानधनात करणाऱ्याचा, ज्याला कोणतेच निवृत्तिवेतन नाही, लेखात साधा उल्लेखही नाही.