अभ्यासिका रात्री अकराला बंद करा

साताऱ्यात गेल्या काही वर्षांत गल्लोगल्ली अभ्यासिका निघाल्या. माण, खटाव, जावळीकडून पोरं येतात. घरी दोन खोल्या, त्यात टीव्ही, पै-पाहुणे आणि सकाळ-संध्याकाळची धार. अशा मुलांना शांत बसायला हक्काची खुर्ची मिळाली याचा मला मनापासून आनंद आहे. पण दारावरची ‘२४ तास सुरू’ ही पाटी मला खुपते. पालक ती पाटी बघून निर्धास्त होतात आणि मुलांना वाटतं, रात्री दोनला उठून गेलो तर आपण मागं पडलो.

घरून फोन आला की पहिला प्रश्न असतो, “आज किती तास बसलास?” बारा म्हटलं की समाधान, सात म्हटलं की काळजी. बसण्याचे तास मोजणं सोपं आहे, म्हणून आपण तेच मोजतो. डोक्यात काय राहिलं हे कोणी विचारत नाही.

मी बरीच वर्षं कॉलेजात शिकवलं, आता ओळखीच्या एका अभ्यासिकेत मुलांना भेटायला जाते. परवा राज्यसेवेची तयारी करणाऱ्या एका मुलीनं तिचं राज्यघटनेचं पुस्तक दाखवलं. पिवळा, गुलाबी, हिरवा. हायलायटर न लागलेली ओळ शोधावी लागत होती. तिसरं वाचन चाललं होतं. मी पुस्तक मिटून बाजूला ठेवलं, कोरा कागद दिला आणि म्हटलं, ७३ व्या घटनादुरुस्तीबद्दल आठवेल ते लिही. ती थोडा वेळ पेन धरून बसली. मग म्हणाली, “मॅडम, पान डोळ्यासमोर येतंय. डावीकडं खाली चौकट आहे, गुलाबी केलेली. पण त्यात काय आहे ते येत नाहीये.” पंचायत राज तिला आठवलं, महिलांचं आरक्षण आठवलं. पण अकराव्या अनुसूचीत २९ विषय आणि ७४ व्या दुरुस्तीनं आलेल्या बाराव्या अनुसूचीत १८, इथं तिची सरमिसळ झाली. परीक्षेत प्रश्न नेमका तिथंच येतो.

ही मुलगी आळशी नाही, जीव तोडून अभ्यास करते. चूक पद्धतीची आहे. तेच पान पुन्हा पुन्हा वाचलं की ते ओळखीचं वाटायला लागतं आणि ओळखीचं झालं म्हणजे पाठ झालं असा भास होतो. २००६ साली रोडिगर आणि कार्पिके या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी हे तपासून पाहिलं. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा पुन्हा पुन्हा वाचला. दुसऱ्यांनी एकदा वाचून, मग न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तर वाचणारे पुढं होते. आठवड्यानं विचारलं तेव्हा आठवून लिहिणाऱ्यांनी त्यांना बरंच मागं टाकलं. तुमची परीक्षा पाच मिनिटांनी नसते.

आपल्या जिल्ह्यातल्या पोरांना हे पटवायला परदेशातला प्रयोगही लागू नये. पहाटे अजिंक्यताऱ्याच्या रस्त्याला पोलीस भरतीची मुलं-मुली पळताना दिसतात. दुसऱ्याला पळताना बघून सोळाशे मीटरची वेळ कमी होत नाही, हे त्यांना कोणी सांगावं लागत नाही. भरतीच्या आदल्या रात्री पळून उद्याचा दम वाढत नाही हेही ठाऊक असतं. रोज थोडं थोडं वाढवायचं, मध्ये विश्रांती द्यायची, नीट झोपायचं. तीच मुलं खुर्चीत बसली की सगळं विसरतात आणि लेखी परीक्षेच्या आठवड्यात चार-चार रात्री जागतात.

झोपेबद्दल मला जरा कडकच बोलायचं आहे. दिवसा शिकलेलं पक्कं करण्याचं बरंच काम मेंदू झोपेत करतो. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना आठ ते दहा तास आणि मोठ्यांना किमान सात तास झोप हवी, असं झोपेचे तज्ज्ञ डॉक्टर सांगतात. दहावी-बारावीच्या मुलाला पहाटे चारला उठवायचं असेल तर त्याला रात्री आठला झोपू द्या. दोन्हीकडून कापू नका. रात्री दहाला घेतलेल्या चहा-कॉफीतलं निम्मं कॅफीन तीन वाजतासुद्धा अंगात असू शकतं. मग पोरं म्हणतात, पडलो तरी डोळा लागत नाही. म्हणून अभ्यासिका चालवणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे: रात्री अकराला दिवे घालवा. पहाटे पाचला हवं तर उघडा. एकानं बंद केली तर पोरं शेजारच्या अभ्यासिकेत जातील, हे मला कळतं. म्हणून सगळ्यांनी मिळून ठरवायला हवं.

खाण्याचं फार अवघड नाही. वडापाव आणि चहावर दिवस काढू नका. मेसचा डबा वेळेवर खा, सोबत मूठभर शेंगदाणे, एखादं केळं, पाण्याची बाटली. जेवताना मोबाईल नको, एवढंच.

व्यायाम म्हणजे वेळ वाया, हा समज मात्र मला साताऱ्यात तरी ऐकवत नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि पुढं ‘कमवा आणि शिका’ रुजवलं. अंगमेहनत करून शिकलेल्या मुलांच्या पिढ्या या मातीत झाल्या. आणि आपण बारावीच्या मुलाचं संध्याकाळचं अर्ध्या तासाचं खेळणं बंद करतो?

करायचं काय ते सांगते. एक प्रकरण वाचलं की पुस्तक मिटा आणि पाठकोऱ्या कागदावर आठवेल ते लिहा. मग पुस्तक उघडून राहिलेलं लाल पेनानं भरा. तो लाल भाग हाच तुमचा खरा अभ्यास. तेच प्रकरण दुसऱ्या दिवशी, मग चार-पाच दिवसांनी, मग पंधरवड्यानं असंच लिहून बघा. दिवस पुढं-मागं झाले तरी चालेल, पण मध्ये थोडं विसरायला वेळ मिळू द्या. गणितात गाईडमधलं उत्तर हातानं झाकून पायरी आधी स्वतः मांडा. टेलिग्रामवर रोज येणाऱ्या पीडीएफ साठवणं बंद करा. एक विषय, एक पुस्तक, एक वही. मोबाईल दुसऱ्या खोलीत किंवा काउंटरवर ठेवा. उलटा करून शेजारी ठेवला तरी हात तिकडं जातोच.

आणि जुने पेपर घड्याळ लावून, सलग बसून सोडवा. राज्यसेवेच्या पूर्वपरीक्षेत चुकलेल्या उत्तराला त्या प्रश्नाच्या गुणांपैकी पाव गुण कापले जातात. कुठं अंदाज करायचा आणि कुठं सोडून द्यायचं, हे पेपर सोडवूनच कळतं. कोणती अभ्यासिका दर रविवारी सकाळी असा एकत्र पेपर घ्यायला तयार असेल तर कळवा. नंतर मुलांसोबत बसून चुका बघायला मी येईन.