भौगोलिक कारणे लिहा (५ गुण)

शाळेत ‘भौगोलिक कारणे लिहा’ हा माझा हक्काचा प्रश्न होता. भात पश्चिम बंगालमध्ये का पिकतो? १०० सेंटिमीटरपेक्षा जास्त पाऊस, २५ अंशांच्या वर तापमान, पाणी धरून ठेवणारी गाळाची चिकण जमीन. गहू उत्तरेत का? वाढीला थंडी, दाणा पिकताना स्वच्छ ऊन, ५० ते ७५ सेंटिमीटर पाऊस. बाजरी राजस्थानात, रेताड जमिनीत. पैकीच्या पैकी गुण.

परवा भाचीचा अभ्यास घेताना नकाशात पंजाबवर भाताची खूण दिसली आणि अडकलो. तिथे सरासरी पाऊस ६०-६५ सेंटिमीटर, नैऋत्येकडे त्याहूनही कमी. जमीन बरीचशी पाणी झिरपून जाणारी. रोजच्या ताटात पोळी. मग भात कुठून आला?

१९६०-६१ साली पंजाबात भात जेमतेम सव्वादोन लाख हेक्टरांवर होता. आज तो ३० लाख हेक्टरांच्या वर गेलाय. पाऊस काही तेवढा वाढला नाही. १९६५ मध्ये सरकारसाठी धान्य खरेदी करणारं भारतीय अन्न महामंडळ आणि हमीभाव सुचवणारा कृषी मूल्य आयोग आले, १९६६ मध्ये भाताचं आयआर-८ हे बुटकं वाण आलं, मग घरोघरी बोअर आणि पुढे शेतीपंपांना फुकट वीज. भात मंडईत नेला की सरकार हमीभावाने उचलणार, ही खात्री झाल्यावर कोण दुसरं काही लावेल? मीही भातच लावला असता.

त्याची किंमत जमिनीखालच्या पाण्याने मोजली. पातळी इतकी खाली गेली की २००९ मध्ये कायदा करून १० जूनच्या आधी लावणीला बंदी घातली. हेतू चांगलाच होता. पण लावणी लांबली तशी कापणीही लांबली, आणि गव्हाच्या पेरणीआधी रान मोकळं करायला दोन-तीन आठवडेच उरले. पेंढा पेटवून देणं हा सगळ्यात स्वस्त उपाय ठरला. दिल्लीच्या धुराचं हे एकमेव कारण नाही, पण या तारखेचा त्यात वाटा आहे. टीव्हीवर तेवढी काडी लावणारा शेतकरी दिसतो.

गव्हाचं मात्र पुस्तकाप्रमाणेच आहे, तिथे हवामानाला अजून फसवता येत नाही. मार्च २०२२ मध्ये विक्रमी उष्मा पडला, ऐन दाणा भरताना. दाणे बारीक राहिले, उत्पादन घटलं आणि १३ मे रोजी सरकारने गव्हाची निर्यात बंद केली.

आता आपल्या शाळूकडे, म्हणजे रब्बी ज्वारीकडे या. सोलापूर, बीड, धाराशिव या पट्ट्यात सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पेरायचा आणि काळ्या जमिनीत मुरलेल्या ओलीवर फेब्रुवारी-मार्चपर्यंत काढायचा. मोहोळची मालदांडी ३५-१ ही ज्वारीची जात याच हवामानातली. वर भाकरी, खाली कडबा, एका पेरणीत माणूस आणि जनावर दोघांची सोय. भौगोलिक कारणं यापेक्षा चोख कुठल्या पिकाला असतील? तरी ज्वारीचं क्षेत्र वर्षानुवर्षं घटतंय. हमीभाव दरवर्षी जाहीर होतो, पण गहू-तांदळाच्या तुलनेत सरकारी खरेदी नावापुरती.

२०२३ हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष होतं. ज्वारीची बिस्किटं आली, नाचणीचे लाडू आले, भाषणं झाली. (बिस्किटं बरी होती, खोटं कशाला बोलू.) पण देशाचं पीक बदलायचं असेल तर खाणाऱ्याला आहार शिकवून भागणार नाही. वजनकाटा ज्वारीच्या पोत्याखाली यायला हवा, आणि तोही पीक निघतं त्याच महिन्यात. रेशनवर गहू-तांदूळ राहणार असेल तर शेतातही तेच राहणार.

भाव मिळाला तरी शाळू बहुतेक ठिकाणी हातानेच उपटायचा, मुळासकट, मग कणसं मोडायची, पेंढ्या बांधायच्या. या कामाला आता माणूस मिळत नाही. म्हणून ओळखीच्या दोन घरांनी यंदा शाळूच्या रानात हरभरा पेरला. हरभऱ्याला निदान खरेदी केंद्र तरी आहे, म्हणाले.