ओएस/२ आणि आयबीएमचा दोष : एका आक्षेपाला उत्तर

ओएस/२ ही आयबीएमची संगणक चालवणारी प्रणाली (ऑपरेटिंग सिस्टीम) उत्तमच होती, मायक्रोसॉफ्टने तिचा गळा घोटला आणि मी मात्र सगळे खापर आयबीएमच्या माथी फोडले, असा आपला आक्षेप आहे. त्यात तथ्य आहे आणि मूळ लेखात मी त्या बाजूला पुरेशी जागा दिली नाही, हे मान्य करतो. मायक्रोसॉफ्टवरील मक्तेदारीच्या खटल्यात न्यायाधीश थॉमस पेनफील्ड जॅक्सन यांनी १९९९ मध्ये नोंदवलेल्या निष्कर्षांनुसार आपल्या पीसींवर विंडोज ९५ बसवण्याचा परवाना आयबीएमला त्या प्रणालीच्या अनावरणाच्या जेमतेम १५ मिनिटे आधी मिळाला. आयबीएमने स्पर्धक उत्पादने बाजूला ठेवावीत, यासाठी केलेली ती उघड अडवणूक होती.

परंतु ही गोष्ट ऑगस्ट १९९५ ची आहे, आणि माझ्या मते ओएस/२ ची वेळ तोवर निघून गेली होती. डिसेंबर १९८७ मध्ये पहिली आवृत्ती आली तेव्हा इंटेलच्या ३८६ या नव्या प्रोसेसरचे संगणक बाजारात येऊन वर्ष उलटले होते. तरीही आधीच्या २८६ प्रोसेसरचे संगणक घेतलेल्या ग्राहकांना दिलेला शब्द पाळायचा म्हणून आयबीएमने प्रणाली २८६ साठीच लिहिण्याचा हट्ट धरला. परिणामी डॉस या जुन्या प्रणालीचा एका वेळी एकच प्रोग्राम चाले आणि तोही मागे सारला की जागच्या जागी थांबे. ज्यांचे सारे काम डॉसवर होते, त्यांनी महागडी मेमरी विकत घेऊन हे का पत्करावे? मे १९९० मध्ये विंडोज ३.० आली आणि बहुतेकांची गरज तिने भागवली.

१९९२ च्या २.० आवृत्तीविषयी मलाही आपल्याइतकेच ममत्व आहे. एकीकडे फ्लॉपी फॉरमॅट होत असताना दुसऱ्या खिडकीत निर्धास्त टाइप करता येणे, ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. मात्र माउस आणि कीबोर्डचे सर्व संदेश एकाच रांगेतून जात. एखादा प्रोग्राम त्या रांगेत अडून बसला, की माउसचा बाण फिरत राही, पण क्लिक कुठेच लागू पडत नसे. आत बाकीची कामे सुरळीत चालली असली, तरी समोर बसलेल्याच्या दृष्टीने संगणक बंदच पडलेला असे.

विंडोजचे प्रोग्रामही ओएस/२ वर चालत, याचा आपण गुण म्हणून उल्लेख केला आहे. वापरणाऱ्यासाठी तो गुणच होता. पण विंडोजसाठी एकदा लिहिलेला प्रोग्राम दोन्हीकडे खपत असेल, तर ओएस/२ साठी वेगळा खर्च कोण करणार?

आणि १९९५ मध्ये आयबीएम ज्या परवान्यासाठी ताटकळली, तो विंडोजचा होता. स्वतःचे पीसी निव्वळ ओएस/२ च्या भरवशावर विकणे तोवर खुद्द आयबीएमलाही परवडणारे राहिले नव्हते.