थोरल्या भावाची समाधी आणि आमच्या घरचा हरिपाठ

सगळं सुरळीत झालं की मग समाधान, हा हिशोब मला पटत नाही. त्या हिशोबाने बसलं तर आमच्या पिढीच्या वाट्याला समाधान यायचंच नाही. 2020 पासून बघा ना. आधी करोना, मग सातपूर-अंबडमध्ये छोट्या कारखान्यांची खाली आलेली शटरं, मग गारपीट, मग कांद्याचा भाव. यातलं काहीच ज्याला लागलं नाही असं घर नाशिकमध्ये शोधावं लागेल. आमच्याही घराला लागलं. तरी आम्ही समाधानात आहोत हे आज मी मनापासून लिहू शकते. देवावरची श्रद्धा आणि घरची माणसं यांच्यामुळे. आमच्या घरात ही दोन वेगळी राहिलीच नाहीत, म्हणून एवढं लांबलचक लिहायला बसलेय.

आम्ही सातपूरला, त्र्यंबक रस्त्याजवळ राहतो. पौष वद्य एकादशीला त्र्यंबकला निवृत्तिनाथांची यात्रा असते. त्याआधीचे दोन-तीन दिवस आमच्याकडे सकाळ उजाडते तीच टाळांच्या आवाजाने. नाशिकची ती बोचरी थंडी, आणि बायाबापड्या डोक्यावर तुळस घेऊन चालत असतात, काही तर अनवाणी. माझे सासरे, म्हणजे आण्णा, जुने वारकरी. आषाढीला नाथांच्या पालखीबरोबर ते पंढरपूरपर्यंत पायी जायचे. 2020 मध्ये पालख्या एसटीने गेल्या, वारकरी घरी राहिले. आण्णा त्या दिवशी जेवले नाहीत. देवळं बंद होती, ती थेट 16 नोव्हेंबरला, पाडव्याला उघडली. मधल्या त्या काळात आण्णांनी घरात एक नियम घालून दिला. संध्याकाळी सात वाजता हरिपाठ, आणि घरातल्या प्रत्येकाने बसायचं. येतं त्याने म्हणावं, येत नाही त्याने टाळी वाजवावी. फोन बाजूला.

पुढच्या वर्षी ह्यांची कंपनी बंद पडली. मोठ्या कंपनीला सुटे भाग पुरवणारं छोटं युनिट होतं. मालकाने तरी कुठून पगार काढावेत? त्याचं नाव घेऊन बोलण्यासारखं माझ्याकडे काही नाही. पण घरात शांतता पसरली. सगळे एकमेकांना सांभाळत होते आणि म्हणूनच कोणी कोणाशी बोलत नव्हतं. हे ज्यांनी पाहिलंय त्यांना कळेल.

ही कोंडी फुटली ती हरिपाठानंतर. शेवटचा अभंग झाला की आमच्याकडे कोणी लगेच उठत नाही, पाचदहा मिनिटं तशीच जातात. एका संध्याकाळी ह्यांनी बँकेचा मेसेज मोठ्याने वाचून दाखवला. घराचे हप्ते थकले होते. सासूबाई मेथी निवडायला घेत होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. जुडी निवडून संपवली, देठं कागदात गुंडाळली, हात धुतले, आत गेल्या आणि पाटल्यांची डबी आणून देवापुढे ठेवली. म्हणाल्या, "माझ्या आईच्या आहेत, मोडायच्या नाहीत. गहाण टाका आणि सोडवून आणा." मुलगा तेव्हा नववीत. तो म्हणाला, "माझा क्लास बंद करा, मी घरी करीन." क्लास आम्ही बंद केला नाही. पण त्या रात्री घरातला प्रत्येकजण आपापल्या वाटणीचं ओझं मागून घेत होता, आणि हे बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवले.

हरिपाठाने हप्ता भरला गेला नाही. तो पाटल्यांनी आणि नंतर माझ्या पोळीभाजीच्या डब्यांनी भरला. पण समई तेवत असताना, टाळ खाली ठेवून, माणूस खोटं बोलत नाही आणि दुसऱ्याला टाकूनही बोलत नाही. एवढी जागा त्या नियमाने आम्हाला दिली. घर वाचलं ते त्या जागेमुळे, असं मी मानते.

आण्णा नेहमी सांगतात, त्र्यंबकला जाताना लक्षात ठेव, आपण एका थोरल्या भावाच्या समाधीवर डोकं टेकवायला चाललोय. मी यावर पुष्कळ विचार केलाय. ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेत वाघ आडवा आला, विठ्ठलपंतांचं कुटुंब पांगलं आणि निवृत्तिनाथ गहिनीनाथांच्या गुहेत पोहोचले, ही कथा आपल्याला लहानपणापासून माहीत असते. पण त्यानंतरचं बघा. आईवडिलांनी देहान्त प्रायश्चित्त घेतलं. चार पोरकी भावंडं, गावाने वाळीत टाकलेली. अशा वेळी थोरल्याने धाकट्यांना हाताशी धरलं आणि जे स्वतःला मिळालं होतं ते ज्ञानदेवांना दिलं. घरातलाच भाऊ गुरू झाला! ज्ञानदेव रागावून ताटी लावून बसले तेव्हा समजूत घालायला आली तीही घरातलीच, धाकटी मुक्ताई. आणि शेवटी? आळंदीला ज्ञानदेव गेले, सासवडला सोपानदेव, तापीकाठी मुक्ताई. सगळ्यात थोरला सगळ्यात शेवटी राहिला, धाकट्यांना एकेक करून निरोप देऊन त्र्यंबकला आला. ज्याला आपण शांतीसाठी शरण जातो, त्याने घरातलं एवढं दुःख पचवलंय. म्हणून तिथे उभं राहिलं की मला माझं दुःख सांगायची लाज वाटत नाही.

माझं माहेर निफाड तालुक्यातलं. 26 नोव्हेंबर 2023 ची गारपीट तिकडचा कोणी विसरणार नाही. त्रिपुरारी पौर्णिमेची संध्याकाळ, दिवे लावायचा दिवस, आणि गारांनी बागा झोडपून काढल्या. भावाची द्राक्षबाग ऐन मणी भरायच्या वेळेला होती. आम्ही दुसऱ्या दिवशी पोहोचलो तेव्हा तारेवर फाटकी पानं लटकत होती, मणी फुटलेले, आणि खाली चिखलात घडांचा खच. तेवढ्यावर भागलं नाही. 8 डिसेंबरला कांद्याची निर्यातही बंद झाली आणि उरलासुरला आधार गेला. भाऊ फोन उचलेना. औषधांच्या दुकानाची उधारी होती, सोसायटीचं कर्ज होतं. आण्णा म्हणाले, "फोन करू नका, जाऊन राहा." आम्ही जाऊन राहिलो. मी आणि वहिनी स्वयंपाक करायचो, हे भावाबरोबर बागेत जायचे. संध्याकाळी आण्णा ओसरीवर हरिपाठाला बसायचे. भाऊ पहिल्यांदा लांबच बसला. मग एके दिवशी टाळ मागून घेतला. त्याच रात्री त्याने कर्जाचा पूर्ण आकडा सांगितला, जो वहिनीलाही माहीत नव्हता.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलते, कोणाला राग आला तरी चालेल. घरात अडचण आली की शेजारीपाजारी लगेच सांगतात, अमुक शांत करा, तमुक पूजा घाला. ज्याला परवडतं आणि ज्याची भावना आहे त्याने जरूर करावी. पण व्याजाने पैसे काढून विधी करू नका. कर्जात बुडालेल्या माणसाने आणखी कर्ज काढावं, अशी देवाची इच्छा असेल हे मी मानायला तयार नाही. आणि माणूस झोपेनासा, जेवेनासा झाला, मरणाची भाषा करायला लागला, तर "देव बघून घेईल" म्हणून थांबू नका. त्याला डॉक्टरकडे न्या. भावाला आम्ही नेलं. हरिपाठही चालू होता आणि गोळ्याही.

दुसरं म्हणजे, समाधान फक्त आमच्याच देव्हाऱ्यात आहे असं माझं म्हणणं नाही. ज्या शहरात माणसांना काळारामाच्या दारात जाण्यासाठी 2 मार्च 1930 ला सत्याग्रह सुरू करावा लागला आणि तो पुढे काही वर्षं चालवावा लागला, तिथे राहून श्रद्धेबद्दल बोलताना हे विसरून चालत नाही. आमच्या शेजारच्या काकूंकडे रोज बुद्धवंदना होते, नातवंडांसकट सगळे बसतात. नाशिकरोडची माझी मैत्रीण घरच्यांना घेऊन बाळ येशूच्या यात्रेला जाते. करोनात तिचे वडील गेले, तेव्हा तिच्याकडेही रात्रीची प्रार्थना सगळ्यांनी मिळून व्हायची. दुःखात माणसं एकत्र बसली आणि आपल्यापेक्षा मोठ्या कोणापुढे तरी बसली, की काय होतं ते या सगळ्या घरांत मी सारखंच पाहिलंय.

ह्यांना आता अंबडला काम आहे, पगार पूर्वीपेक्षा कमी. पाटल्या सोडवून आणल्या, त्याला बराच काळ गेला. भावाचं कर्ज फिटलेलं नाही, पण हप्ते बांधून घेतलेत आणि बागेची छाटणी त्याने वेळेवर केली. आण्णांचे गुडघे आता साथ देत नाहीत. येत्या पौष वारीला भाऊ आणि माझा मुलगा सातपूरहून दिंडीबरोबर चालणार आहेत. आम्ही बाकीचे आण्णांना घेऊन बसने पुढे जाऊ. त्या दिवशी त्र्यंबक रस्त्यावर चहा-फराळाचं वाटप करणाऱ्यांना हात लागणार असतील तर कमेंटमध्ये सांगा, आमच्या घरातले दोघंतिघं मोकळे आहेत.