गाडी कोल्हापूरहून बेळगावला येते, रिकॉलचा निरोप मात्र तिकडेच राहतो

सेकंडहँड गाडी घेताना आपल्या भागातला माणूस काय काय बघतो? टायर बघतो, इंजिनाचा आवाज ऐकतो, बॉनेट उघडून वेल्डिंगची खूण शोधतो, ओळखीचा मिस्त्री सोबत नेतो. आरसी खरी आहे का, बँकेचं कर्ज फिटलंय का, हेही आता बहुतेकजण विचारतात. पण या गाडीवर कंपनीचा रिकॉल, म्हणजे दोष दुरुस्त करायला गाडी परत बोलावणं, निघाला होता का, आणि निघाला असेल तर ते काम झालंय का, हे कुणी विचारल्याचं मी अजून ऐकलेलं नाही. खानापूर म्हणा, निपाणी म्हणा, चिकोडी-अथणी म्हणा. आणि सीमाभागात तर हा प्रश्न टायरच्याही आधी विचारायला हवा. का, ते जरा सविस्तर लिहिते.

डिसेंबर २०२२ मध्ये मारुती सुझुकीने ९,१२५ गाड्या परत बोलावल्या. सियाझ, ब्रेझा, अर्टिगा, एक्सएल सिक्स आणि ग्रँड विटारा. या गाड्या २ ते २८ नोव्हेंबर २०२२ या दिवसांत तयार झालेल्या. पुढच्या सीटच्या बेल्टची उंची वरखाली करायची जी पट्टी दाराच्या खांबावर असते, तिच्यातल्या एका छोट्या भागात दोष असण्याची शक्यता होती, आणि त्यामुळे बेल्ट सुटा होऊ शकत होता. पुढच्याच महिन्यात ११,१७७ ग्रँड विटारा बोलावल्या गेल्या, या वेळी मागच्या सीटबेल्टच्या ब्रॅकेटसाठी. बेल्ट गाडीच्या सांगाड्याला जिथं धरून ठेवलेला असतो, ते ब्रॅकेट कालांतराने सैल होण्याची शक्यता होती. त्याच जानेवारीत १७,३६२ गाड्यांचा एअरबॅग कंट्रोलर बदलायचा निर्णय झाला. त्यात अल्टो के टेन, एस-प्रेसो, ईको, ब्रेझा, बलेनो, ग्रँड विटारा होत्या. हा शेवटचा मला सगळ्यात गंभीर वाटतो, कारण हा एकच डबा एअरबॅगलाही हुकूम देतो आणि बेल्ट आवळणाऱ्या प्रीटेन्शनरलाही. डबा गप्प बसला तर दोन्ही गप्प. पार्ट बदलेपर्यंत गाडी चालवू नका, असं कंपनीने तेव्हा ग्राहकांना सांगितलं होतं.

ही नावं बघा. अर्टिगा, ईको, ब्रेझा. आपल्या गल्लीत, आपल्या शेताच्या बांधावर उभ्या असणाऱ्याच गाड्या आहेत या. ईको तर अर्ध्या तालुक्याचं वडाप, म्हणजे सीटवर भाडं घेऊन माणसं नेणारी गाडी, आहे.

आता कुणी म्हणेल, म्हणजे मारुतीच्या गाड्या वाईट. तसं मुळीच नाही, आणि हा गैरसमज मला मुळापासून काढायचा आहे. मी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत क्वालिटीत काम करते. आमच्याकडे फाउंड्रीतून येणाऱ्या प्रत्येक कास्टिंगवर हीट नंबर, म्हणजे एका वेळी वितळवलेल्या धातूचा क्रमांक असतो, ओतकामातच उमटलेला. मशिनिंग करताना एका तुकड्यात ब्लो होल, म्हणजे आत राहिलेली हवेची पोकळी, निघालं की आम्ही पहिल्यांदा तो नंबर वाचतो. त्या हीटचे बाकीचे तुकडे कुठं आहेत? काही रॅकवर, काही मशीनवर, काही ट्रकमध्ये, काही ग्राहकाच्या दारात पोचलेले. सगळे लाल टॅग लावून बाजूला काढायचे, तपासायचे, गेलेले परत मागवायचे. त्या दिवशी शॉपमध्ये फार धावपळ असते. पण म्हणून कुणी फाउंड्रीवाल्याला चोर म्हणत नाही. चूक कुठल्या लॉटमध्ये झाली हे ज्याला सांगता येतं, त्याच्याकडून माल घ्यायला आम्हाला भीती वाटत नाही. भीती वाटते ती ज्याच्या तुकड्यावर नंबरच नसतो त्याची. गाडीचा रिकॉल म्हणजे हेच, फक्त इथं लाल टॅग लावायची वस्तू तुमच्या अंगणात उभी असते आणि तुम्हाला पत्ता नसतो.

उद्यमबागेत आणि मच्छेत काम करणारे इतके लोक आहेत आपल्यात. लॉट, हीट, रिजेक्शन हे शब्द आपल्या घरात जेवताना बोलले जातात. आपल्याला हे दुसऱ्या कुणी समजावून सांगायची गरज नाही.

बेल्टचं काम किती बारीक असतं तेही एकदा समजून घ्या. व्होल्वोच्या निल्स बोलिन या इंजिनिअरने १९५९ साली तीन ठिकाणी बांधणारा बेल्ट आणला, तोच थोड्या सुधारणा होऊन आज आपल्या छातीवर असतो. आपल्याला दिसते ती पट्टी. खरं काम खांबाच्या आत आणि सीटखाली चालतं. खाली रीळ असतं. सावकाश ओढलं तर पट्टी मोकळी सुटते, झटका बसला की जागच्या जागी लॉक होते. गाडी फार कलली तरी लॉक होते. चोर्ला घाटात वळणावर बेल्ट अडकला की आपल्याकडे लोक म्हणतात बेल्ट खराब झालाय. तो खराब नाही, त्याचं काम चोख करतोय. नव्या गाड्यांत याच रिळाला प्रीटेन्शनर जोडलेला असतो. धडक झाली की त्यातली छोटी दारू पेटते आणि डोळ्याची पापणी लवायच्या आत बेल्ट अंगाशी घट्ट ओढला जातो. लगेच मागून लोड लिमिटर पट्टी थोडी सैल सोडतो, बरगड्या मोडू नयेत म्हणून. आणि या सगळ्याची मदार शेवटी एका बोल्टवर, एका ब्रॅकेटवर, बकलातल्या एका खिट्टीवर असते.

त्या खिट्टीची एक जुनी गोष्ट आहे. १९९५ साली अमेरिकेत टाकाटा या जपानी कंपनीने बनवलेल्या सीटबेल्टसाठी वेगवेगळ्या कंपन्यांच्या मिळून ८० लाखांहून अधिक गाड्यांवर रिकॉल निघाला. बकलाचं लाल बटण ज्या प्लास्टिकचं होतं, ते उन्हाने ठिसूळ होऊन त्याचे कण आत पडायचे. मग बकल नीट लागायचं नाही, किंवा लागलंय असं वाटून आयत्या वेळी सुटायचं. पुढं याच टाकाटाच्या एअरबॅगचं प्रकरण जगभर गाजलं आणि त्यात भारतातल्याही गाड्या परत बोलवाव्या लागल्या. पण बटणाची गोष्ट मला जास्त जवळची वाटते. मागच्या सीटवर पोरं चिरमुरे खातात, कुंद्याचे हात तिथंच पुसतात, यल्लम्माच्या डोंगरावरून आलेली धूळ महिनाभर तिथंच असते. बकलात कण गेला तर काय होतं, हे त्या रिकॉलने सगळ्या जगाला दाखवलंय.

आता सीमेचा प्रश्न. आपल्याकडे गाडी कशी फिरते ते आपल्याला ठाऊक आहे. पहिला मालक पुण्याचा किंवा कोल्हापूरचा. तीन-चार वर्षांनी गाडी कागल ओलांडून इकडं येते. कोल्हापूरचा एमएच ०९ नंबर तसाच राहतो, कारण इथं नोंदणी करायची तर एनओसी आणा, कर्नाटकाचा लाइफ टॅक्स भरा. बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ दुसऱ्या राज्यात गाडी ठेवली तर तिथली नोंदणी करावी लागते असा कायदा आहे, पण टॅक्सचा आकडा ऐकून माणूस आज-उद्या करत राहतो. मधल्या काळात गाडी आणखी एका हातात जाते. सर्व्हिसिंग गावातल्या गॅरेजमध्ये होतं. कंपनीच्या रेकॉर्डला मात्र अजून तो पहिला मालक आणि त्याचा मोबाइल नंबर असतो. रिकॉलचा एसएमएस त्याला जातो. तो म्हणतो, गाडी विकून झाली, आपल्याला काय. मेसेज डिलीट. इकडं खानापूरच्या रस्त्यावर त्याच गाडीत मागच्या सीटवर एक आजी, दोन नातवंडं.

हे मी मनाने रचून सांगत नाही. माझ्या मामेभावाने कोल्हापूरहून एक एसयूव्ही आणली. मी सहज तिचा चासिस नंबर कंपनीच्या वेबसाइटवर टाकून बघितला, तर सीटबेल्टचं काम बाकी निघालं. तो मला म्हणतो, "अक्का, कुणाला सांगू नको हां. रिकॉलची गाडी म्हटलं की इकताना भाव पडतोय." मी त्याला ओढतच सर्व्हिस सेंटरला नेलं. तिथला माणूस म्हणाला, गाडी महाराष्ट्राची आहे, तिकडच्या शोरूमला घेऊन जा. मला राग आला तो इथं. रिकॉल चासिस नंबरवर असतो, नंबरप्लेटवर नसतो. बेल्ट बेळगावात तुटला तर माणूस बेळगावातच मरणार आहे. वादावादी झाली, वरच्या माणसाला बोलावलं, मग त्याने सिस्टिममध्ये बघितलं आणि काम करून दिलं. एक रुपया लागला नाही. पण ज्याला इंग्रजीत भांडता येत नाही, ज्याला कन्नडही अडखळत येतं, तो उचगावचा किंवा बिजगर्णीचा शेतकरी त्या काउंटरवरून परत फिरला असता.

कायदा आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम ११०अ आलं. त्यानुसार सरकार कंपनीला गाड्या परत बोलवायला लावू शकतं. १ एप्रिल २०२१ पासून त्याचे नियमही लागू झाले. सात वर्षांच्या आतल्या गाड्यांसाठी मालकांना सरकारी पोर्टलवर तक्रार करता येते, आणि गाड्यांच्या संख्येनुसार कंपनीला १० लाखांपासून १ कोटीपर्यंत दंड होऊ शकतो. कंपनीने आपणहून दोष कळवून रिकॉल काढला तर दंड नाही. त्याआधी २०१२ पासून वाहन उद्योगाची स्वतःची ऐच्छिक व्यवस्था होती. हे सगळं चांगलंच आहे. पण या साऱ्याचा जोर रिकॉल निघावा यावर आहे. निघालेला रिकॉल तिसऱ्या मालकाच्या गाडीपर्यंत पोचला की नाही, हे कोण बघणार?

माझी मागणी साधी आहे. पीयूसी काढताना गाडीचा नंबर ऑनलाइन टाकावाच लागतो. विम्याच्या नूतनीकरणाला टाकावा लागतो. एनओसी आणि ट्रान्सफरला तर आरटीओच्या टेबलावरच फाइल असते. या तीन ठिकाणी स्क्रीनवर एक ओळ यावी: या गाडीचं रिकॉलचं काम बाकी आहे. गाडी अडवू नका, दंड करू नका, फक्त ज्याच्या ताब्यात गाडी आहे त्याला सांगा. कन्नडमध्ये सांगा, मराठीत सांगा, पण स्टिअरिंग धरणाऱ्याला कळेल असं सांगा. आणि राज्य बदलून येणाऱ्या गाडीला सुरक्षेचं बाकी काम पूर्ण केल्याशिवाय नवा नंबर देऊ नये, असं माझं मत आहे. त्या वेळी गाडी तपासणीसाठी समोर उभीच असते.

हे होईल तेव्हा होईल. तोवर आरसी हातात घ्या. त्यावर सतरा अक्षर-आकड्यांचा चासिस नंबर असतो. कंपनीच्या वेबसाइटवर रिकॉल तपासायच्या जागी तो टाका, किंवा कस्टमर केअरला फोन करून वाचून दाखवा. इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं या नंबरात वापरतच नाहीत, त्यामुळे गोल दिसलं तर ते शून्यच. इथं फार जण चुकतात आणि नंबर सापडत नाही म्हणून सोडून देतात. आणि त्याच फोनवर गाडीचे सध्याचे मालक म्हणून आपलं नाव आणि मोबाइल नंबर नोंदवायला सांगा.

सेकंडहँड गाडी असेल तर आणखी एक बघा. चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा काही सेकंद पेटून विझला पाहिजे. सतत पेटत असेल तर दोष आहे हे कळतं. पण मुळीच पेटत नसेल तर ते जास्त वाईट, तिथं कुणीतरी हात घातलेला असू शकतो. अपघातात एकदा उडालेला प्रीटेन्शनर पुन्हा चालत नाही, तो बदलावाच लागतो. तो खर्च वाचवायला दिवा गप्प करून गाडी विकणारे लोक आहेत. मग बेल्ट पूर्ण बाहेर ओढा, कडा उसवलेल्या आहेत का बघा, एक जोराचा हिसका देऊन लॉक होतो का बघा. मागचे बकल सीटकव्हरखाली गाडलेले असतील तर आजच वर काढा.

मागच्या बेल्टवर वेगळं लिहायला नको खरं तर. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघरजवळ उद्योगपती सायरस मिस्त्री कार अपघातात गेले, मागच्या सीटवर, बेल्ट न लावता. तेव्हा आपल्या कट्ट्यांवरही आठवडाभर तीच चर्चा होती. केंद्राच्या अहवालानुसार त्या एका वर्षात देशात बेल्ट न लावल्याने १६,७१५ माणसं मेली, त्यातली ८,३३१ चालक नव्हती, सोबत बसलेली होती. आजही आपण कोगनोळीचा नाका दिसला की पुढचे दोन बेल्ट लावतो आणि निपाणी मागं पडायच्या आत काढतो. चौदा वर्षांखालच्या मुलाला बेल्टशिवाय किंवा मुलांच्या खास सीटशिवाय नेलं तर हजार रुपये दंड आहे, हे तर कित्येकांच्या गावीही नाही. पोर पुढं मांडीवरच असतं.

पण जो बिचारा इमानाने बेल्ट लावतो, त्याचा बेल्ट वेळेला धरेल याची खात्री त्याला मिळायलाच हवी. मी आज लिहायला बसले ती त्याच्यासाठी.

गणेशोत्सवाच्या तयारीच्या बैठका सुरू होतील. आपली मंडळं रक्तदान घेतात, डोळे तपासणी घेतात. यंदा एका रविवारी सकाळी मांडवाच्या जागेत एक टेबल, एक लॅपटॉप आणि इंग्रजी वाचता येणारी दोन कॉलेजची पोरं बसवूया. लोकांनी आरसी घेऊन यावं, नंबर टाकून बघावा, काम बाकी निघालं तर तिथूनच सर्व्हिस सेंटरला फोन लावून तारीख घ्यावी. आमच्या गल्लीच्या बैठकीत मी हा विषय मांडणार आहे. शहापूर, वडगाव, अनगोळ, येळ्ळूर, कंग्राळी, जिथल्या मंडळांना हे करायचं असेल त्यांनी खाली लिहा. कुठल्या कंपनीचा नंबर कुठं तपासायचा, याची मराठीतली एक पानाची माहिती मी तयार करून देते.